नानांच्या छातीतली पाइपलाइन

सोपाननाना नळी दिसली की आधी फुंकायचे, मग नमस्कार करायचे. बोअरच्या जड पाण्यानं ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले, की नाना अ‍ॅसिड सोडून त्या मोकळ्या करत. राहुरीकडची निम्मी रानं त्यांच्याच फुंकरीवर पिकायची. एका लग्नात त्यांनी सनईवाल्याची सनई घेतली, फुंकली आणि निकाल दिला, "आत क्षार हाय." तेव्हापासून सनईवाले आमच्या गावाला वळसा घालून जातात.

त्याच नानांची छाती चालताना दाटायला लागली. मी त्यांच्या हाताखाली नळ्या जोडायचो, म्हणून मीच त्यांना नगरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठलेलं निघालं. नाना खुलले. पिशवीतून अ‍ॅसिडचा कॅन काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"मला ठावंच हुतं, बाई. सोडा सलाइनमधून. चोवीस तास बंद ठिवा, मंग शेवटचं टोक उघडा."

शेवटचं टोक कोणतं, हे विचारायचं धाडस बाईंना झालं नाही.

"नाना, हा क्षार बोअरचा नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी शिरते. ती खायला शरीराचे राखणदार येतात, पांढऱ्या पेशी. खाऊन खाऊन तिथंच मरतात आणि त्यांच्या मढ्यांवर चुना धरतो. उरलेले चिडून असा दंगा करतात, की भिंतीतल्या पेशी हाड बनवायला लागतात."

"म्हंजी माझेच राखणदार माझी नळी बुजवत्यात?"

"काही समजूतदार असतात, भांडण मिटवतात. पण बिडी ओढली की चिडकेच पुढं होतात. बसलेला चुना निघायचा नाही. गोळ्या घ्या, बिडी सोडा, म्हणजे दंगा तरी कमी होईल. नाहीतर एक दिवस नळी बंद."

गोळ्यांना नाना लगेच कबूल झाले. बिडीवर अडले, पन्नास वर्षांची सोबत होती. राहुरी येईपर्यंत त्यांनी एकही बिडी पेटवली नाही. गावात यावर अजून कुणी विश्वास ठेवत नाही. स्टँडवर उतरून त्यांनी स्वतःच्या छातीकडे बघितलं. "सोडली, गड्यांनो. आता तुमी बी दमानं घ्या."

मग रोज सकाळी अंगणात राखणदारांची हजेरी. "चिडके मागं सरा. शाने पुढं या." असे नऊ उन्हाळे काढले. एकदा माझ्या छातीला कान लावून म्हणाले, "तुजी फौज लई तापलीय, लेका," आणि माझ्या खिशातलं बिडीचं बंडल घेऊन गेले. मला वाटलं, म्हातारा चोरून ओढणार.

गेल्या वर्षी नाना दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. लेकीनं त्यांची हत्यारपेटी मला दिली. पाना, टेप, नळीचे तुकडे आणि तळाशी माझं बंडल. दोऱ्याची गाठ तशीच होती. वरचा कागद मात्र हुंगून हुंगून झिजलेला.

मी पेटीतला नळीचा एक तुकडा उचलला. आधी फुंकला. मग नमस्कार केला.