पंचेचाळीस मिलिलिटर

डेल्मर रोझबूम आमच्या कंपनीत एकतीस वर्षं डुकरं वाहून नेत होता. आयोवाच्या वायव्य कोपऱ्यातल्या शेतांवरून तयार डुकरं ट्रेलरमध्ये भरायची, नव्वद मैलांवरच्या कत्तलखान्यात उतरवायची, ट्रेलर धुवायचा आणि पुन्हा निघायचं. रविवारी गाडी बंद. एकतीस वर्षांत त्याच्या नावावर एकच अपघात आहे आणि त्यातही त्याच्या उभ्या ट्रेलरला दुसऱ्याने मागून धडक दिली होती.

त्याची एक खोड सगळ्यांना माहीत होती. वाटेतल्या ढाब्यांवर, जिथे ट्रकवाले हात-पाय मोकळे करायला थांबतात, तिथे तो उतरायचा नाही. आडरस्त्याला गाडी घ्यायची आणि ट्रेलरच्या पलीकडे, मक्याच्या कडेला जाऊन यायचं. कॉफीच्या टेबलावर आमचा दुसरा ड्रायव्हर लेरॉय नेहमी म्हणायचा, "यंदा मका बरा आलाय, डेल्मरने पाणी वेळेवर दिलं." डेल्मर हसायचा आणि आणखी एक बन उचलायचा. तो वेळ वाचवतो, असा माझा समज होता.

मी तिथे कागदपत्रं सांभाळतो. ड्रायव्हरांच्या नशेच्या तपासणीचं कामही माझ्याकडेच आहे. दर तीन महिन्यांनी डे मॉइनच्या तपासणी कंपनीकडून बंद पाकीट येतं, त्यात कॉम्प्युटरने काढलेली चार-पाच नावं असतात. ज्याचं नाव निघेल त्याला आगाऊ कळू द्यायचं नाही. सांगितलं की त्याने तडक क्लिनिकमध्ये जायचं आणि बाटलीत लघवी द्यायची. कमीत कमी पंचेचाळीस मिलिलिटर.

२०११ च्या जूनमध्ये डेल्मरचं नाव निघालं. तो ट्रेलर धुऊन नुकताच ऑफिसात आला होता. मी चिठ्ठी दिली तेव्हा त्याने ती दोनदा वाचली.

"हा पत्ता वेगळा आहे, व्हर्लिन."

"एप्रिलपासून नवीन क्लिनिक घेतलंय. जुनं बंद झालं ना."

"तिथे कसं आहे?"

"कसं म्हणजे? स्वच्छ आहे. दहा मिनिटांचं काम. जेवायच्या आधी परत येशील."

तो साडेदहाला गेला. पावणेबाराला क्लिनिकमधून कारीनचा फोन आला. नमुने घेण्याचं काम ती करते. ती म्हणाली, "तुमच्या माणसाला होत नाहीये. अकरा वाजून पाच मिनिटांपासून त्यांचे तीन तास चालू केलेत. कळवून ठेवते."

हे तीन तास म्हणजे काय ते सांगतो. माणसाला जमलं नाही तर त्याला साधारण सव्वा लिटर पाणी प्यायला देतात आणि तीन तास थांबवतात. तेवढ्या वेळात तो दाराबाहेर गेला, तर त्याने तपासणी नाकारली असं धरतात. नाकारणं म्हणजे नशेत सापडल्यासारखंच. मग गाडी चालवायची नाही, आणि साठीच्या माणसाने पुन्हा कुठे सुरुवात करायची?

तो आजारी असेल असं वाटून मी गेलो. प्रतीक्षागृहात तो एकटाच होता आणि बसलेला नव्हता. भिंतीवर हृदयाचं चित्र होतं. तो त्याच्यापर्यंत जायचा, वळायचा, खिडकीपर्यंत यायचा, बाहेर उभ्या असलेल्या आपल्या पिकअपकडे बघायचा, पुन्हा वळायचा. खुर्चीवर कागदी पेले एकात एक घातलेले होते. सात.

"पोटात दुखतंय का?"

"फुटायची वेळ आली आहे," तो हळूच म्हणाला. "तू कशाला आलास?"

"मग जा ना आत."

"दोनदा गेलो."

कारीन कपाटाशी काहीतरी लिहीत होती. ती वर न बघता म्हणाली, "मिस्टर रोझबूम, पुन्हा बघायचं का? अजून तास आणि वीस मिनिटं आहेत."

तो आत गेला. तिथल्या नळाला चिकटपट्टी लावलेली, संडासाच्या भांड्यातलं पाणी निळं केलेलं. कोणी नमुन्यात पाणी मिसळू नये म्हणून तसं करतात. कारीन दाराबाहेर उभी राहिली, तिला राहावंच लागतं. क्लिनिक इतकं शांत होतं की तिच्या पेनाचं टोपण उघडल्याचाही आवाज आला. आतून मात्र काही ऐकू येईना. मी घड्याळाकडे बघत राहिलो आणि मग माझ्या लक्षात आलं, की आम्ही दोघंही कान लावून उभे आहोत.

तो बाहेर आला. बाटली कोरडी होती. कपाळावर घाम.

"थोडं चालू का बाहेर? इथेच, अंगणात?"

"नाही हो," कारीन म्हणाली. "मला तसं लिहावं लागेल."

"माझ्यासमोर चालेल तो. पळून जायचंय कुठे त्याला," मी म्हणालो.

"साहेब, नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत."

ते खरंच होतं. डेल्मर पुन्हा हृदयाकडे चालू लागला. शेवटच्या अर्ध्या तासात तो बसायचा, लगेच उठायचा, पट्टा सैल करायचा, पुन्हा आवळायचा. एकदा भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिला. दोन वाजता तो शेवटचा आत गेला आणि तसाच परत आला. दोन वाजून पाच मिनिटांनी कारीनने वेळ लिहिली.

कागदावर सही करून तो पिकअप घेऊन गेला. दोन मैलांवर, पुलापलीकडे रस्त्याच्या कडेला त्याची गाडी उभी दिसली. तो मक्यात होता. मी न थांबता पुढे गेलो.

आता पाच दिवसांत डॉक्टरांनी तपासून सांगायचं होतं, की या माणसाला खरंच काही त्रास आहे का. तोवर मी त्याच्या किल्ल्या काढून घेतल्या. कोणाला कारण सांगायची मला परवानगी नाही, आणि न सांगितल्यामुळे व्हायचं तेच झालं.

"डेल्मर?" लेरॉय म्हणाला. "एवढी वर्षं शांतपणे काय घेत होता कोण जाणे."

"तू तुझा बन खा," मी म्हणालो.

"खातोय. पण तू नाही असं म्हणत नाहीयेस, व्हर्लिन."

मी नाही असं म्हणू शकत नव्हतो. रविवारी चर्चमध्ये रोझबूम कुटुंब नेहमीच्या बाकावर होतं. पुढच्या बाकावरचे लोक मागे वळून पेपरमिंटची गोळी देतात, तशी त्या दिवशी कोणी दिली नाही. प्रवचनभर डेल्मरचा गुडघा हलत होता. त्याची बायको हॅरिएट त्यावर हात ठेवायची, तिने हात काढला की तो पुन्हा हलायचा.

सोमवारी तो गावातल्या डॉक्टर पोस्टमांकडे गेला आणि तिथून थेट माझ्याकडे आला. दार लावून घेतलं, पण बसला नाही.

"शरीरात दोष नाही म्हणाले. घोड्यासारखा धडधाकट आहे मी."

"मग?"

"मग काय. कोणी ऐकत असलं की मला होत नाही. शाळेत असल्यापासून. जुन्या क्लिनिकमध्ये तो पंखा होता ना, छपरावरचा, कापणीयंत्रासारखा घरघरायचा. त्याच्या जिवावर वीस वर्षं काढली." तो खिडकीकडे गेला. "डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी घाबरलो हे कारण चालत नाही. आधीपासूनचा त्रास असेल तर आधीचा कागद दाखवा. मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही, व्हर्लिन. कागद कुठून येणार?"

क्लिनिक मी निवडलं होतं. जाऊन सगळं पाहून आलो होतो: गाडी लावायला जागा, कामाच्या वेळा, अंतर. पंखा बघायचा असतो हे मला माहीत नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं.

"तुला कसं माहीत असणार," तो म्हणाला. "उद्या शेवटचा दिवस आहे."

मंगळवारी सकाळी आठला मी ऑफिस उघडलं तेव्हा हॅरिएट पायरीवर बसली होती. मांडीवर पाकीट.

"हे डॉक्टर पोस्टमांना दिलंय. एक तुमच्या फायलीत ठेवा."

काउंटीच्या हॉस्पिटलमधल्या जुन्या नोंदीची छायाप्रत होती. १९८८ साली डेल्मरचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. नर्सने लिहिलं होतं: कर्मचारी खोलीत असताना रुग्णाला लघवी होत नाही. पत्नीच्या सांगण्यानुसार हा त्रास लग्नाआधीपासून. सर्वांनी बाहेर जाऊन दार लावल्यावर झाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं एका घरात राहतोय. स्नानघराला लागून स्वयंपाकघर आहे. तो आत गेला की मी भांडी आपटते. त्याला वाटतं, मला भांडी नीट घासता येत नाहीत." ती उठली. "क्लिनिकला गेला आणि किल्ल्या गेल्या म्हटल्यावर मी ओळखलं. हॉस्पिटलच्या तळघरात जुन्या नोंदींच्या फिल्ममध्ये शोधायला तिथल्या मुलीला दोन तास लागले. रात्री त्याला सांगितलं. अजून माझ्याशी बोलला नाहीये."

गुरुवारी, तपासणीचा शेवटचा निर्णय देणाऱ्या डे मॉइनच्या डॉक्टरांचं पत्र आलं. कारण मान्य, तपासणी रद्द. डेल्मर किल्ल्या घ्यायला आला. किल्ल्या हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"एकूण किती जणांना माहीत आहे आता?"

मी मोजलं. पोस्टमा, कारीन, डे मॉइनचे डॉक्टर, नोंदी काढणारी मुलगी, ती नोंद लिहिणारी नर्स, हॅरिएट आणि मी. "सात."

"ती नर्स वारली."

"मग सहा."

"सहा चालतील," तो म्हणाला आणि गेला.

पुढच्या महिन्यात सगळ्या ड्रायव्हरांची सुरक्षेची बैठक होती. टायर, ब्रेक, धुण्याची वेळ, असं सगळं मी वाचून दाखवलं. शेवटी कोणाला काही विचारायचंय का म्हणालो, तर लेरॉय डेल्मरकडे बघून म्हणाला, "मला विचारायचंय, पण तुला नाही."

डेल्मर उभा राहिला. हातात टोपी होती, ती तो फिरवत होता.

"कोणी बाहेर उभं असलं की मला मुतायला होत नाही. म्हणून आठवडाभर घरी होतो. बाकी काही नाही. कोणाला तसं असेल तर आधीच डॉक्टरला सांगा आणि लिहून घ्या. नंतर सांगून उपयोग नसतो."

बावीस माणसं होती. कोणी हसलं नाही. लेरॉयने मान खाली घातली आणि नखातली घाण काढत बसला. मग कोणीतरी सँडविच कधी येणार म्हणून विचारलं आणि खुर्च्या सरकल्या.

मी कागद गोळा करून माझ्या खोलीत आलो. थोड्या वेळाने लेरॉय आला. कॉफीचा पेला टेबलावर ठेवला, बाहेर कोणी आहे का बघितलं आणि दार लावून घेतलं.

"व्हर्लिन," तो म्हणाला, "ते पोस्टमा कोणत्या वारी बसतात?"