कोण वजन कुठं ठेवतो

सुरतेत आलो तेव्हा माझ्याकडे अठ्ठावीस आवाज होते. गावच्या एसटी कंडक्टरचा, मुख्याध्यापकांचा, लाऊडस्पीकर लावून भांडी विकणाऱ्याचा, म्हशीचा वेगळा आणि म्हशीला शिव्या घालणाऱ्या काकूंचा वेगळा. वाटलं, आठवडाभरात अख्खं सुरत ओळखायला लागेल. आणि काम लागलं कुठं, तर लूमच्या कारखान्यात. एका हॉलमध्ये शंभरेक माग एकदम खटखटतात. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी तो "हां हां" म्हणतो आणि भलतीच वस्तू हातात देतो. माझी अख्खी म्हैस वाया गेली.

तिथं सगळे हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धाग्याची तार तुटली. मूठ तोंडाशी नेली की चहा. आणि पोटावरून हात गोल फिरवला की मास्तर, म्हणजे आमच्यावर देखरेख करणारा, येतोय. नवागाम वस्तीतल्या खोलीत आम्ही सहा जण होतो, पण पाळ्या वेगळ्या. मी पोचायचो तेव्हा कोणी झोपलेलं, कोणी चप्पल घालत असलेलं. पहिले दोन महिने सलग चार वाक्यं मी फक्त आईशी बोललो, तेही फोनवर. तिला सांगायचो, इथं सगळे मला ओळखतात.

मग एक दिवस विज्ञानाचे सर आठवले. नववीत त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, टाचा भिंतीला चिकटवायला लावल्या, समोर डस्टर ठेवलं आणि म्हणाले, "गुडघे न वाकवता उचल." मी वाकलो आणि सरळ तोंडावर. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "वाकताना तुझं बूड मागं जातं, म्हणून तू एरवी पडत नाहीस. भिंतीनं तेवढंच अडवलं. प्रत्येकाच्या वजनाला एक मध्य असतो, तो पावलांच्या बाहेर गेला की माणूस पडला." मला डस्टर काही मिळालं नाही, पण तेव्हापासून मी माणसांकडे तसंच बघायला लागलो. कोण वजन कुठं ठेवतो. सर स्वतः डाव्या खिशात ठेवायचे, किल्ल्यांपाशी, म्हणून उजवा खांदा वर.

आवाज गेले तर गेले, चाली तर उरल्या होत्या. मास्तरचं पोट पुढं, ते सांभाळायला खांदे मागं, त्यामुळे सगळा भार टाचांवर, आणि हात पाठीमागे बांधलेले. एवढं जमलं की मास्तर तयार, मिशी लागत नाही.

पहिला हसला तो माझा ट्रॉलीचा जोडीदार. आमच्याच तालुक्यातला, माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठा, अहिराणी सोडून दुसरं काही न बोलणारा. हसला की त्याचे खांदे उडायचे. आवाज मागांच्या खटखटीत जायचा, पण खांदे दिसायचे, मला तेवढे पुरायचे. मग पोटावर हात फिरवण्याचा आमच्या दोघांपुरता दुसरा अर्थ झाला: मास्तर कर. बाहेर चहाला उभं राहिलो की म्हणायचा, "कायबी करस तू, भाऊ." दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं तेवढंच.

आमचं काम बीम न्यायचं. बीम म्हणजे धाग्यानं गच्च भरलेला लोखंडी रूळ, दोन माणसांपेक्षा जड. तो ट्रॉलीवर ठेवायचा आणि मागापर्यंत न्यायचा. जोडीदार पुढं, दांडा धरून उलटा चालायचा. मी मागून ढकलायचो. सुरुवातीला जीव जातो, पण एकदा निघाली की ट्रॉली नुसत्या हात लावण्यानं जाते. सरांनी शिकवलेलं जडत्व ते हेच. उभं असलेलं उभं राहायला बघतं, चालतं ते चालत राहायला. पण थांबवायलाही तेवढाच जीव लागतो, हा भाग मी वहीत लिहिला होता, डोक्यात नव्हता. हॉलच्या दाराशी हातभर उतार आहे. तिथं मागच्यानं ट्रॉली मागं ओढून धरायची, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

त्या दिवशी मास्तर पलीकडच्या रांगेतून गेला. जोडीदारानं एक हात दांड्यावरून काढून पोटावर फिरवला. मी हात सोडले, पाठीमागे बांधले, पोट काढलं, भार टाचांवर घेतला. तीन पावलं. सपाटीवर काही झालं नसतं. पण तिसऱ्या पावलाला दार आलं. त्याचे खांदे उडत होते, डोळे माझ्यावर होते, आणि ट्रॉली त्याच्या डाव्या पावलावरून गेली. तो ओरडला असेल. मला फक्त उघडं तोंड दिसलं.

मास्तरनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, फरशीवर तेल होतं. जोडीदार खाली बसला होता, पाय धरून. दुसऱ्या आठवड्यात त्याचा मामा त्याला प्लास्टरसकट गावी घेऊन गेला.

मी त्याला फोन केला नाही. रोज ठरवायचो. मी हात सोडले म्हणून झालं हे त्याला कळलंय का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि तेच विचारायचं नव्हतं. तेलाची थाप सांभाळत तीन महिने काढले. या काळात मी कोणाचीच चाल केली नाही. करून दाखवणार कुणाला?

मग एका सुट्टीच्या सकाळी त्याचाच व्हिडिओ कॉल आला. खोलीत मी एकटाच होतो.

"मनी चाल करी दखाड," तो म्हणाला. माझी चाल करून दाखव.

"नको रे."

"तू नही करशी ते कोन करी?"

त्यानं फोन कुठंतरी टेकवला आणि खाटेपासून दारापर्यंत चालून दाखवलं. मी फोन पाण्याच्या हंड्याला टेकवला आणि खोलीत चाललो, डावं पाऊल जपून, आखूड.

"चुकस तू," तो म्हणाला. "तठे मी वजनच देस नही आते."

तो परत चालला, मी परत बघितलं. खरंच, पाय नुसता सोबत येत होता. सगळं वजन उजव्या कुल्ह्यावर गेलं होतं, आणि ते सावरायला मान डावीकडं. मी तसा चाललो. त्याचे खांदे उडाले. या वेळी आवाजही आला. बारीक, शिट्टीसारखा. त्याचं हसणं मी नीट ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा.

मी म्हटलं, "फरशीवर तेल नव्हतं."

"माले माहीत शे," तो म्हणाला, आणि पोटावरून हात गोल फिरवला.

परत कधी येतोस, विचारलं. "आते नही," म्हणाला. मामाच्या दुकानात बसतो, तिथं चालावं लागत नाही.

आता ट्रॉलीच्या पुढं नवा माणूस आहे, विदर्भातला. तो माझ्या तोंडाकडे बघत नाही, चाकाकडे बघतो, आणि बरोबर करतो. उतार आला की मी दोन्ही हातांनी ओढून धरतो. शेजारून मास्तर पोट घेऊन जातो तेव्हाही.

पाळी सुटली की फाटकापासून शेअर रिक्षापर्यंत मी जोडीदाराच्या चालीनं जातो. रोज थोडी सुधारते. बरोबर जमली की नाही हे सांगणारा इथं कोणी नाही. परवा रिक्षावाल्यानं विचारलं, "पगमां वाग्युं, भाई?" पायाला लागलंय का. मी हो म्हणून मान डोलावली. त्यानं कडेच्या माणसाला पुढं बसवलं आणि मला पाय लांब करता येईल अशी जागा दिली. नवागाम येईपर्यंत मी पाय लांब करून बसलो.