तिसरा फॉर्म

२००५च्या सुमारास परदेशात, शॉमबर्गला असताना मला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून एका क्लिनिकमध्ये व्हॉलंटिअर म्हणून बसायचे. नैराश्य ओळखायची एक प्रश्नावली तिथे अरबीत आणली होती. ती नीट उतरली आहे का, हे तरुण अरब मुलींकडून भरून घेऊन तपासायचं होतं. प्रत्येकीनं फॉर्म दोनदा भरायचा, पंधरा दिवसांच्या अंतरानं. मला अरबी येत नाही, त्यामुळे मुली माझ्यासमोर लाजत नसत.

त्यातली एक अजून आठवते. पेनचं टोपण करंगळीत घालून लिहायची. अरबी उजवीकडून सुरू होते; दोन्ही वेळा तिच्या सगळ्या खुणा उजवीकडच्या पहिल्या रकान्यात, म्हणजे ‘कधीच नाही’. डावीकडचा शेवटचा रकाना ‘जवळजवळ रोज’चा. दोन मिनिटांत काम संपलं.

मग एक दिवस ती न बोलावता आली. मी म्हटलं, "तुझं तर दोनदा झालंय की."

ती इंग्रजीतच म्हणाली, "ते दोन तुमच्यासाठी भरले. आज माझ्यासाठी भरायचाय."

मी कोरा फॉर्म दिला. तिनं अर्धा तास घेतला, टोपण पेनला लावलं आणि गेली. तिसरा फॉर्म अभ्यासात धरत नाहीत, म्हणून मी तो ड्रॉवरमध्ये टाकला. डॉक्टरांना दाखवला नाही. खुणा सगळ्या डावीकडे, शेवटच्या रकान्यात होत्या. ते दिसायला अरबी लागत नव्हतं.