अफ्रेड दॅट

निरगुडसरच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत मी एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. नववीला एक छोटा धडा येतो. आधी विशेषण, त्यामागे ‘दॅट’, मग अख्खं वाक्य. आय ॲम ग्लॅड दॅट यू केम. आय ॲम शुअर दॅट ही विल पास. मी मुलांना सांगायची, इंग्रजीत आधी मनातलं येतं, मग घडलेलं. मधला ‘दॅट’ म्हणजे आपला ‘की’. ग्लॅड म्हणजे आनंद, शुअर म्हणजे खात्री, अफ्रेड म्हणजे भीती. मुलं फळ्यावरून उतरवून घ्यायची. त्यातली शेवटची ओळ मी अर्धीच शिकवत होते, हे मला दादा गेला तेव्हा कळलं.

दादा माझा थोरला भाऊ. पारगावच्या बाजूला कारखान्यात हंगामी फिटर होता. गाळप संपलं की घरी बसून राहणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून ओळखीच्या एकाबरोबर तो आखातात गेला. कागदांवर घरचा नंबर म्हणून त्यानं माझा दिला. इंग्रजीतून फोन आला तर घरात बोलणार कोण, असा त्याचा हिशोब.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी अवसरीला माहेरी आले होते. आदल्या संध्याकाळी दादाच्या खोलीत राहणाऱ्या एका बिहारी माणसाचा फोन आला, की छातीत दुखतं म्हणून त्याला दवाखान्यात ठेवलंय. सकाळी आई आणि वहिनी ओट्यावर लागवडीसाठी बटाट्याचं बेणं कापत बसल्या होत्या. काम थांबवून करायचं काय, म्हणून कापत होत्या. आठच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडे डॉक्टर होते. आवाज तुटत होता, पण हे वाक्य पुरं ऐकू आलं.

“आय ॲम अफ्रेड दॅट ही डिड नॉट रिस्पॉन्ड.”

मग ‘सॉरी’ असं काहीतरी आलं आणि फोन कटला. मी पुन्हा लावला, लागेना.

वहिनी कोयता तसाच धरून माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, डॉक्टरांना भीती वाटतेय, तो उपचारांना दाद देत नाहीये.

“म्हंजी अजून हायेत ना, ताई?”

“आहे,” मी म्हणाले.

त्यानंतर वहिनी बसली नाही. अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, आईला बळंच अर्धी भाकरी खायला लावली. मग म्हणाली, मला तिकडं जायचंय, पासपोर्ट कसा काढतात ते सांगा. दोन दिवसांत निघत नाही, हे मला माहीत होतं. पण तिला नाही म्हणवेना. फोटो तरी काढून ठेवू म्हणून आम्ही दोघी मंचरला गेलो. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. फोटोवाल्यानं तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी थोडी वर घ्यायला सांगितलं. फोटो निघाला आणि माझा फोन वाजला. तोच बिहारी माणूस.

“दीदी, भाभी को संभालिए. डॉक्टर साहब ने सुबह आपको बता तो दिया था न?”

मी हो म्हणाले. वहिनी स्टुलावरून उठली होती. मला तिला काही सांगावं लागलं नाही.

दादाला घरी आणायला नऊ दिवस लागले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगायची, “सकाळीच गेले व्हते. दुपारपतुर दडवून ठेवलं त्या लोकांनी.” त्या डॉक्टरला ती तळतळून शिव्या द्यायची. मी शेजारी बसून ऐकायची. सकाळचा फोन काय होता, हे विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या जूनला शाळा भरली आणि तो धडा आला. मी वर्गात सांगितलं, की डॉक्टर किंवा साहेब ‘आय ॲम अफ्रेड दॅट’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना भीती वाटत नसते. वाईट बातमी असते, ती हळू हातानं द्यायची म्हणून तसं म्हणतात. एका मुलीनं विचारलं, मग मॅडम, ते होऊन गेलंय की व्हायचंय, कसं ओळखायचं? मी म्हणाले, ‘दॅट’च्या पुढचं क्रियापद बघायचं.

फोनवर ‘डिड’ स्पष्ट होतं: त्यानं दाद दिली नाही, म्हणजे सगळं होऊन गेलं होतं. असल्या चुकीला मी वर्षानुवर्षं मुलांचा अर्धा मार्क कापत आले होते. मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, हे आज विचारलं तरी सांगता येणार नाही.

त्या रविवारी मी अवसरीला जाऊन वहिनीला सगळं सांगितलं. ती गोठ्यात होती. ऐकून म्हणाली, “ते इंग्रजीत कसं म्हणाले व्हते, तसं म्हणा.”

मी म्हटलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं.

“म्हंजी त्यांनी दडवलं न्हाई.”

“नाही.”

“आठ महिने मी त्या माणसाला तळतळाट दिला, ताई.”

एवढंच बोलून ती पाण्याची बादली उचलून म्हशीकडे गेली. त्या दिवशी तिनं मला जेवून जा म्हटलं नाही.

दिवाळीपर्यंत तिचा फोन आला नाही. मी केला तर तिची पोरगी उचलायची, आई रानात गेलीय म्हणायची. दिवाळीनंतर एकदा पोरीच्या ॲडमिशनचं विचारायला तिनं स्वतः फोन केला आणि मग हळूहळू बोलणं सुरू झालं, पूर्वीइतकं नाही.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अजूनही सांगते, की तिकडच्या लोकांनी दुपारपतुर दडवून ठेवलं. वहिनी तिथं असली तर मान खाली घालून हातातलं काम करत राहते.