चौथं कडवं

‘धूर दिसला गो’ हे गाणं माझं नाही. ते माझं आहे असं छापून आलं, लोकांनी तसं मानलं आणि मी मानू दिलं. आता खरं सांगून कुणाचं भलं होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी सांगतो, कारण गप्प बसणं आता मला झेपत नाही.

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीला. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती दिली होती वरच्या अंगाला; बैलगाडीनं सकाळी निघालं की दुपार कलताना पोचावं अशा गावात. भावोजी मुंबईला गिरणीत होते आणि शिमग्याला आगबोटीनं घरी यायचे. बोट दूर पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला आणायचे. आक्का चार दिवस आधीच माहेरी येऊन बसायची, म्हणजे भावोजी उतरले की दोघांनी मिळून गाडीनं वर जायचं.

एका साली तीन बोटी आल्या तरी भावोजी आले नाहीत. मी तेव्हा मॅट्रिकला दोनदा आपटून घरी बसलेला होतो, त्यामुळे आक्काला बंदरावर नेणं हे माझंच काम. तिसऱ्या दिवशी परत येताना शेजारणीनं विचारलं, “आले का गो?” आक्का म्हणाली, “बोटच नाय आली आज.” सगळ्या मांडवीनं बोटीचा भोंगा ऐकलेला होता. 

चौथ्या बोटीनं भावोजी उतरले. रजाच मिळाली नव्हती. आक्का त्यांच्याशी बोलेना. मग रात्री जेवायला वाढताना सगळं भडाभडा बाहेर पडलं. मिऱ्या डोंगराच्या टोकाशी बोटीचा धूर दिसायचा, जीव वर यायचा, पडाव जायचा, पडाव यायचा, माणसं उतरून संपायची, आणि हिनं घरी येऊन खोटं बोलायचं. भावोजींचा घास हातातच राहिला. “परत सांग,” ते म्हणाले. आक्का असली चिडली की पातेलं तिथंच आपटून आत गेली. भावोजींना मस्करी करायची नव्हती. ते ऐकत होते.

भावोजी जाखडीचे शाहीर होते. पायात चाळ बांधलेले गडी गोल धरून नाचतात आणि मधे ढोलकी-झांजेवर शाहीर, तोही चाळ बांधून, गातो, तो आमच्याकडचा गणपतीतला नाच. त्यांना अक्षरओळख नव्हती, सगळं डोक्यात. त्या सालच्या गणपतीला घरी आले तेव्हा त्यांनी गाणं उभं केलं:

धूर दिसला गो, धूर दिसला,
मिऱ्याच्या टोकाशी धूर दिसला,
पडाव गेला, पडाव आला,
धनी माझा नाही उतरला.

तीन कडवी अशी. तिसऱ्यात ती बाई घरी येऊन सांगते, बोटच आली नाही. आणि चौथं कडवं छापेचं. छाप म्हणजे शाहिराची सही. आधी गुरूचं नाव, मग गावाचं, शेवटी स्वतःचं, असं सगळं चालीत बसवून. जाखडीत छापेशिवाय गाणं म्हणजे चोरीचा माल. दुसऱ्याचं गाणं म्हणायचं तर त्याच्या छापेसकट म्हणायचं, आणि आपली छाप लावायची तर गाणं आपलंच हवं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं.

पुढं मी मुंबईला गेलो आणि गिरगावात ग्रामोफोनच्या दुकानात लागलो. पेटी बरी वाजवायचो, म्हणून कधीमधी रेकॉर्डिंगच्या वेळीही मला बोलवायचे. एकदा गाणाऱ्या बाईंना नवी चाल हवी होती आणि चाल लावणाऱ्या मास्तरांना काही सुचत नव्हतं. मी पेटीवर ‘धूर दिसला’ म्हणून दाखवलं. बाईंनी दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा अशा गायल्या की मलाच ते गाणं नवं वाटलं. पण ग्रामोफोनच्या प्लेटीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. चार कडवी बसेनात. मी फुशारकीनं म्हणालो, “चौथं सोडा, त्यात काही नाही. नुसती नावंगावं आहेत.”

गाणं झाल्यावर कारकुनानं वही उघडली आणि विचारलं, “पद कुणाचं?”

खरं उत्तर साधं होतं. पण मास्तर पलीकडे पान लावत बसले होते, बाई हसून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या सगळ्यांपुढे ‘माझे भावोजी, गणपतीत चाळ बांधून नाचतात ते’ असं सांगायची मला लाज वाटली. आजची लाज वेगळी आहे. ती त्या दिवशी वाटायला हवी होती. मी म्हणालो, “माझंच.”

प्लेट घेऊन मी शिमग्याला घरी आलो. सोबत दुकानातला फोनो मागून आणला होता. भावोजी ओटीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, देवळात बसावं तसे. पहिलं कडवं झालं तेव्हा त्यांनी आक्काकडे बघितलं. आक्का दाराआड उभी होती, पदर तोंडाला लावून हसत होती. तिसरं झालं, बाईंनी धृपद पुन्हा घेतलं आणि गाणं थांबलं. सुई नुसती खरखरत राहिली. भावोजी त्या सुईकडे बघतच होते.

“संपला?”

“एवढंच मावतं भावोजी. चौथं बसेना.”

भावोजींनी बोटांवर कडवी मोजली. मग म्हणाले, “मंग पयला कडवा कापायचा व्हता.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुतारानं फळी कुठं कापायची ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. माझ्या डोक्यात हा विचार एकदाही आला नव्हता. मग त्यांनी प्लेटीच्या मधल्या कागदावर बोट ठेवलं. “हितं काय लिवलाय?”

“कंपनीचं नाव,” मी म्हणालो.

त्या प्लेटीनं धुमाकूळ घातला. एका नाटक मंडळीनं त्याच चालीवर ‘रथ दिसला गो’ केलं आणि गिरणीकामगाराच्या बायकोची गवळण झाली. मग एका गवयानं बायकी आवाज काढून, चाल दुप्पट पळवून दुसरी प्लेट भरली. ती लोक हसण्यासाठी लावायचे. मिठाच्या चळवळीत प्रभातफेऱ्यांना तीच चाल होती, शब्द देशाचे. रत्नागिरीतला बँडवाला ती नवरदेव मांडवाशी आला की वाजवायचा. धनी उतरला नाही हे गाणं नवरा उतरताना वाजतंय, याचं कुणाला काही नव्हतं. पुढं एका बोलपटात नटीनं झोपाळ्यावर बसून ते म्हटलं, आणि त्यात समुद्रच नव्हता. मी प्रत्येक वेळी ऐटीत सांगायचो, “मूळ चाल आमची बरं का.” आमची म्हणायचो. माझी म्हणायला जीभ जरा अडखळायची, एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा. चौथं कडवं यातल्या कशातच नव्हतं. असणार कुठून? सगळे शिकले होते प्लेटीवरून.

बोलपटानंतरच्या सालची गोष्ट. मी मुंबई सोडून रत्नागिरीत स्वतःचं ग्रामोफोनचं दुकान थाटलं होतं. गणपतीत आक्काच्या गावी गेलो. गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या मांडवात दुपारची जाखडी होती. शेजारगावचा एक तरणा शाहीर सामन्याला समोर होता. गावानं मला खुर्ची दिली, गळ्यात हार घातला. भावोजी आता गिरणी सोडून घरी शेती बघत होते, केस पिकले होते. त्यांनी ‘धूर दिसला’ घेतलं. प्लेटीपेक्षा संथ, जड पावलाचं. चौथ्या कडव्याला त्यांनी डोळे मिटले आणि गुरूचं नाव घेऊन छाप लावली.

समोरचा शाहीर उठला. “म्हाताऱ्यानू, ह्या गाण्याची प्लेट तुमच्याच खोताकडं हाय. तिच्यात ही छाप नाय. दुसऱ्याच्या पोराला आपला नाव देताव?”

मांडवात गलका झाला. गावातले काही म्हणाले, हे आम्ही आधीपासून ऐकतोय; पण प्लेटीच्या आधी की नंतर, हे कुणालाच नक्की सांगता येईना. कुणीतरी खोताच्या घरून फोनो आणि प्लेट आणवली. भर दुपारी देवळापुढं ती वाजली. तीन कडवी, धृपद, मग खरखर. शाळामास्तरांनी चष्मा लावून प्लेटीवरचा कागद मोठ्यानं वाचला. आधी बाईंचं नाव. मग, “पद व चाल,” आणि माझं नाव, आडनावासकट.

सगळा मांडव माझ्याकडे वळला. “पावण्यानू, तुमीच सांगा.”

एवढंच म्हणायचं होतं: गाणं भावोजींचं आहे, मी खोटं बोललो. मी घसा खाकरला. दुकानावरची पाटी डोळ्यांपुढं आली, चार ओळखीची तोंडं आली. बायकांच्या घोळक्यात खांबाला टेकून आक्का उभी होती. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मी बोलणार याची तिला खात्री होती. ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी मूग गिळून बसलो.

मग भावोजीच बोलले. “पावण्यांचाच हाय. मी त्यांच्याकडना शिकलो. छाप लावली, ता चुकला माजा.”

चोरी कबूल केलेल्या शाहिरानं चाळ सोडून देवापुढं ठेवायचे, अशी त्या अंगाला रीत होती. भावोजी खाली बसले आणि चाळाची गाठ सोडायला लागले. घामानं ती आवळली होती, लवकर सुटेना. तेवढ्या वेळात मला दहा वेळा बोलता आलं असतं. मी हारातली फुलं बघत राहिलो.

त्या रात्री भावोजींनी आग्रह करकरून आक्काला मला भात वाढायला लावला. दुसऱ्या दिवशी ते मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले, तेव्हा मी कसंबसं विचारलं, “का असं म्हणालात?”

“तुमी तिचा माहेर,” ते म्हणाले. “चार मान्सात तिच्या माहेराला खाली बगायला कसा लावू?”

त्यांनी पुन्हा चाळ बांधले नाहीत. गाणं तर नाहीच. तीन वर्षांनी ते गेले. लोक त्यांना शेवटपर्यंत चांगला माणूस म्हणत. चांगला शाहीर म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

दिवसपाणी झाल्यावर मी आक्काजवळ जाऊन बसलो. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मला पहिली तिन्ही कडवी पाठ होती, सगळ्या मुलखाला पाठ होती. चौथ्यातला गुरूच्या नावापुढचा एक शब्दही मला आठवेना. ‘नुसती नावंगावं’ म्हणून मी ते कधी नीट ऐकलंच नव्हतं. आणि ते आता फक्त आक्कापाशी होतं.

“आक्का,” मी म्हणालो, “चौथं कडवं सांगतेस? लिहून ठेवतो.”

तिनं वर बघितलं नाही. एक खडा उचलून अंगणात टाकला.

“कशाला?” ती म्हणाली. “प्लेटीत मावत नाय ना ता.”