खेचराच्या पाठीवरची जागा

यजमान गेल्यानंतर मी नामस्मरणाला बसले की जीभ जड व्हायची. कुणाला हाक मारायची आणि कशासाठी, हेच कळेनासं झालं होतं. तरी त्यांची एक इच्छा राहिली होती. तरुणपणी सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पाहिलेल्या एका तळ्यात त्यांच्या थोड्या अस्थी सोडायच्या. म्हणून लेक मीरा आणि मी पिस्कॅटवेच्या आमच्या घरून तिथवर गेलो.

विसर्जनापर्यंत अस्थी जमिनीला टेकवायच्या नाहीत, ही आमच्याकडची रीत. पिशवी छातीशी धरून मी चढत होते. विरळ हवेत धाप लागली, तरी हातातून ती सुटत नव्हती. मीराच्या पाठीवर तंबू आणि सगळा शिधा.

"आई, आता मला दे. यू कान्ट ब्रीद."

"तुला आधीच पुरे ओझं आहे."

"मग बाबांना सांग चालायला," ती वैतागून म्हणाली आणि तिचेच डोळे भरले. पुढचा चढ मला झेपणार नाही, परत फिरावं लागेल, हे दोघींनाही कळून चुकलं होतं.

तेवढ्यात खालून घंटेचा आवाज आला. वर वाट दुरुस्त करणाऱ्या कामगारांचं सामान घेऊन खेचरांची रांग येत होती. पुढे घोड्यावर पांढऱ्या वेणीची एक बाई. माझी अवस्था पाहून ती उतरली, पिशवीत काय आहे ते तिने विचारलं. "माझे यजमान," मी सांगितलं. तिने हॅट काढली आणि विचारलं,

"कुरकुर करायचे का?"

"चहाला उशीर झाला तर."

"मग हिच्याशी पटेल त्यांचं," शेवटच्या खेचरीची मान थोपटत ती म्हणाली. मीरा कित्येक आठवड्यांनी हसली.

खेचराच्या दोन्ही अंगांना सारखं वजन लागतं, नाहीतर खोगीर फिरतं. या खेचरीच्या दोन बाजूंना बांधलेल्या पेट्यांपैकी एक हलकी भरली होती, म्हणून तिच्यात दगड घातला होता. बाईने तो काढून वाटेकडेला ठेवला. तेवढा वेळ माझी पिशवी तिने स्वतःच्या खांद्याला अडकवली होती. रीतीबद्दल मी अवाक्षरही बोलले नव्हते. मग घोंगडीत गुंडाळून तिने ती दगडाच्या जागी ठेवली, दोन्ही पेट्या हलवून पाहिल्या आणि समाधानाने मान डोलावली.

मी रिकाम्या हातांनी मागून चालू लागले. खुरांच्या तालावर नाम आपोआप येऊ लागलं. तळ्याशी पिशवी माझ्या हाती देऊन, मला धड आभारही मानू न देता ती पुढे गेली.

जे आपलं आहे ते आपणच धरून ठेवायचं, असं मला वाटत होतं. त्या चढावर ते माझ्याहून नीट सांभाळलं गेलं. तळ्याच्या गार पाण्यात उतरून ओंजळ उघडली, तेव्हा ओठांवर नाम चालूच होतं.