रिबेकासाठी केलेली प्रार्थना

हे सांगायला मला आजवर माणूस सापडला नाही. पाळकसाहेबांना सांगावं, तर ते डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना करतील — आणि प्रार्थनेचीच तर मला धास्ती आहे. ह्यांना सांगावं, तर म्हणतील, झालं गेलं, आता वाढ. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका परीनं बरंच आहे.

सौंसरला आमची चर्चची मंडळी लहानशी. एरवीच्या रविवारी बाकं निम्मी भरतात, नाताळात मात्र अंगणात सतरंज्या टाकाव्या लागतात. मी तिथली संडे स्कूलची टीचर. इतकी वर्षं, की माझं खरं नाव लोकांच्या लक्षातून गेलंय. माझ्याहून मोठी माणसंही मला टीचरच म्हणतात. मला ते आवडतं. किती आवडतं ते मला रिबेकामुळे कळलं.

माझा एक धडा सगळ्या मुलांच्या आवडीचा होता — पहिल्या बागेचा. देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मालक म्हणून नव्हे, राखणदार म्हणून. फ्लॅनेलच्या फळ्यावर मी एकेक झाड चिकटवायचे, मग पक्षी, मग जनावरं, आणि अगदी शेवटी माणूस. मुलं तोंड उघडं टाकून बघायची. धडा संपला की झाडं डब्यात भरून मी घरी यायचे. आणि घरी काय? बोरगावच्या वाटेवर नाल्याला लागून आमची संत्र्याची बाग आहे. फवारणी झाली की औषधाच्या रिकाम्या बाटल्या नाल्याच्या काठावर जायच्या. सगळेच तिथे फेकायचे, आम्हीही फेकायचो. त्या धड्याचा आणि ह्या नाल्याचा काही संबंध असेल, असं मला एकदाही वाटलं नाही — खरंच, एकदाही नाही.

ते वाटलं रिबेकाला.

रिबेका म्हणजे दानिएलभाऊंची थोरली. दानिएलभाऊ शाळेत शिपाई, भिडस्त माणूस, चर्चमध्येही शेवटच्या बाकावर बसणारा. ही त्यांची पोर बी.एस्सी.ला होती. लहानपणी माझ्याच वर्गात होती आणि खरं सांगायचं तर माझ्या विशेष लक्षात नव्हती. गाणं बेसूर, बायबलमधलं वचन पाठ म्हणताना मध्येच अडणारी. एका उन्हाळ्यात खालच्या वस्तीतल्या कुणाच्या तरी बकऱ्या नाल्याचं पाणी पिऊन मेल्या. पाण्यानंच मेल्या का, ते कुणी तपासलं नाही. रिबेका तिथे गेली, बघून आली, आणि तिनं चर्चच्या तरुण संघाच्या पोरांना गोळा करून बाटल्या वेचायला सुरुवात केली. हातमोजे घालून, तोंडाला फडकी बांधून. चर्चमागच्या बंद पडलेल्या खोलीला कुलूप लावून त्या तिथे ठेवायच्या, आणि औषध विकणाऱ्या दुकानदाराकडे तिनं इतक्या खेपा घातल्या की शेवटी त्यानं रिकाम्या बाटल्या परत घ्यायचं कबूल केलं. मंगेश नावाचा एक मुलगा त्यांना ट्रॅक्टर-ट्रॉली द्यायचा. नाल्यापलीकडच्या बागवाल्यांचा मुलगा, दर शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला न चुकता जाणारं घर. आमचा नव्हता, पण नाला त्याचाही होता.

सुरुवातीला मी कौतुक केलं. वरवरचं का होईना, केलं. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या काकांनी तिला सगळ्यांसमोर ऐकवलं की हे जग तर जाणारच आहे, आपलं घर वर आहे, नाले कसले झाडता, आत्मे वाचवा. रिबेका अडखळली. वचन विसरलेल्या लहान मुलीसारखी खाली बघत राहिली. मग म्हणाली, "काका, दुसऱ्याचं घर हाय म्हणूनच तं झाडून ठेवा लागते. भाड्याचं घर आपुन असं घाण करून वापस देतो का?"

काका हसले. सगळेच हसले. मीही हसले, आणि हसता हसता मनात आलं — हे मला का सुचलं नव्हतं? इतकी वर्षं तोच धडा शिकवत होते मी.

मग कापणीचा सण आला. आमच्याकडे त्या रविवारी लोक आपापल्या शेतातलं घेऊन येतात — संत्री, कापूस, कोहळे, कुणी पाय बांधलेली कोंबडी — आणि वेदीसमोर मांडतात. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. वेदीची मांडणी माझ्याकडे असते. त्या दिवशी मी संत्र्यांची रास जरा बरी रचली होती, मध्ये कापसाची बोंडं ठेवली होती. आणि रिबेका एक पोतं ओढत पुढे आली. माझ्या राशीला टेकवून तिनं ते ठेवलं आणि तोंड उघडलं. औषधाच्या बाटल्या. धुतलेल्या, कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून बुडाला भोकं पाडलेल्या, पोतंभर.

मागच्या बाकांवरची माणसं उठून बघायला लागली.

"हे बी आपल्याच शेतातलं हाय," ती म्हणाली. "देवासमोर आणाचं तं सगळंच आणा लागते."

पाळकसाहेबांनी तिला थांबवलं नाही. उलट ते बाजूला जाऊन बसले, आणि उपदेशाच्या जागी तीच बोलली. फार नाही. बकऱ्यांचं सांगितलं, खालच्या वस्तीच्या हातपंपाचं सांगितलं. राखण करणं म्हणजे काय ते सांगितलं. आणि मग — तुम्हाला वाटेल तिनं माझा उल्लेख टाळला असेल, म्हणून मी चिडले असेन. नाही हो. तिनं माझं नाव घेतलं. म्हणाली, हे मले टीचरनं शिकवलं. लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं, मान डोलावली, आणि पुन्हा तिच्याकडे वळले. तिनं नाव घेतलं नसतं तर निदान मला एक कारण मिळालं असतं. तेही तिनं ठेवलं नाही.

वळून पुन्हा तिच्याकडे बघणारी ती माणसं — तेवढंच मला दिसत होतं. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. ज्या आमच्या बाया माझ्या वर्गात पोरं सोडून भाजी आणायला जायच्या, त्या! पोत्यात आमच्या बागेतल्याही बाटल्या होत्या, मी शरमेनं अंग चोरायला हवं होतं. तसं काही झालं नाही. माझं आतून नुसतं जळत होतं. माझा मुलगा नागपूरला नोकरीला आहे. तो चर्चला जातो की नाही, हे विचारायची मला भीती वाटते. आणि दानिएलभाऊंसारख्या शिपायाची ही पोर, जिला एक वचन धड पाठ होत नव्हतं, ती तिथे उभी राहून माझाच धडा सांगत होती आणि तो माझ्यापेक्षा चांगला सांगत होती. मी सांगितल्यावर कधी एक पोरगं नाल्यावर गेलं नव्हतं. तिच्या मागे सगळी गेली होती.

त्या दिवशी मी जेवले नाही. ह्यांना सांगितलं, पित्त झालंय.

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे, पण पाय अडतो बघा.

दर गुरुवारी दुपारी आमची बायकांची प्रार्थनासभा असते, कुणाच्या तरी घरी. शेवटी आळीपाळीनं प्रत्येकजण मोठ्यानं प्रार्थना करते. कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळं देवासमोर मांडायचं. आणि प्रार्थनेची एक रीत असते — मध्ये कुणी बोलत नाही. कुणी विचारत नाही, हे तुला कुणी सांगितलं? डोळे मिटलेले असतात आणि शेवटी आमेन म्हणायचं असतं. हे मला माहीत नव्हतं का? माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

सणानंतरच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी मी बागेतून येताना नाल्यावर रिबेकाला बघितलं होतं. ट्रॉलीच्या फळीवर बसून ती आणि मंगेश चहा पीत होते. त्याच ट्रॉलीवर आणखी तिघं पोरं होती, आणि एक चर्चच्या पहारेकऱ्याची मुलगी. सगळी हसत होती.

माझी पाळी आली तेव्हा मी दानिएलभाऊंच्या लेकीसाठी प्रार्थना केली. नाव घेऊन. म्हटलं, प्रभू, आमच्या रिबेकाला सांभाळ. ती चांगलं काम करते आहे, पण वय कोवळं आहे. परक्यांच्या पोराबरोबर नाल्यावर बसलेली मी तिला माझ्या डोळ्यांनी पाहिली. तिचं पाऊल घसरू देऊ नकोस. तिच्या आईबापाचे डोळे उघड. — हे म्हणताना माझा आवाज भरून आला होता. खरंच आला होता, आणि तो कशानं आला ते मला त्याही क्षणी ठाऊक होतं. एकही शब्द खोटा नव्हता. फक्त बाकीची पोरं मी ट्रॉलीवरून उतरवून टाकली.

बायांनी आमेन म्हटलं. त्यातली एक जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली. मला कळलं, हे आता संध्याकाळपर्यंत पोचतं.

पोचलंच. दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. आमच्यातली पोरगी आणि त्यांच्यातला पोरगा, हे दोन्हीकडच्या कुणाच्या तरी कानावर जाईल, अशी दानिएलभाऊंना भीती बसली. पोरीवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. एवढंच म्हणाले म्हणे, "मी गरीब मानूस हाव. मले हे झेपत नाही." दोन-तीन दिवसांत तिला इटारसीला आत्याकडे पाठवलं. कॉलेज अर्ध्यात राहिलं. मंगेशच्या घरच्यांनी ट्रॉली द्यायची बंद केली. हे सगळं माझ्या एका प्रार्थनेनं झालं, आणि सगळे हेच म्हणत होते की टीचरनं वेळेवर सावध केलं.

त्यानंतरची गोष्ट सांगायला मला जास्त जड जातं. पाळकसाहेबांनी विचारलं, टीचर, मुलांचं हे काम तुम्ही बघाल का? मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. बॅनर शिवून घेतला, पोरांना रांगेत उभं करून फोटो काढले, पुढच्या कापणीच्या सणाला वेदीसमोर पोतं मी ठेवलं आणि मी बोलले. लोकांनी ऐकलं. मला ते आवडलं — लपवून काय करू? खूप आवडलं. पण मला नाल्यात उतरायचं नसायचं, दुकानदाराकडे खेपा घालायच्या नसायच्या, मला फक्त त्या रविवारची वाट असायची, आणि पोरांना ते कळतं. पावसाळ्यापर्यंत तिघंच उरली. मग तीही येईनाशी झाली. खोलीला कुलूप तसंच आहे. नाल्यावर पुन्हा बाटल्या आहेत, आमच्याही आहेत. ह्यांना मी एकदा म्हटलं, ते म्हणाले, तुमचं ते बंद पडलं ना आता?

यंदा उन्हाळ्यात पांढुर्ण्याला लग्न होतं. परतीच्या पाहुण्यांना सोडायला मी स्टेशनवर गेले होते. इटारसीची गाडी यायची होती, आणि फलाटावर रिबेका उभी होती. आईला भेटायला आली होती आणि परत चालली होती. आता ती तिकडे एका दुकानात हिशेब लिहिते. वाळली होती. मी वळून निघून जावं म्हणून पाऊल उचललं होतं, पण तिनंच बघितलं आणि धावत आली. माझे दोन्ही हात धरले.

"टीचर, तुमाले सांगाचंच होतं मले," ती म्हणाली. "तवा सगळे माह्याबद्दल बोलून राहिले होते. आई म्हणे, एक टीचरच होत्या, त्यायनं तुह्यासाठी रडून प्रार्थना केली. मी ते इसरली नाही."

तिच्या हातात माझे हात होते आणि मी ते सोडवून घेतले नाहीत.

मग तिनं विचारलं. दुकानाचं नाही, कॉलेजचं नाही, तिच्या बदनामीचा उगम कुठे होता तेही नाही. म्हणाली, "नाल्याचं कसं काय हाय, टीचर? पोट्टे जाऊन राहिले ना?"

"जातात," मी म्हटलं. "चांगलं चालू आहे."

तिचा चेहरा खुलला. तोंडभर हसली ती, जणू तिला तिचं सगळं परत मिळालं. गाडी आली, ती चढली, आणि दारात उभी राहून हात हलवत राहिली. तेव्हा तरी मला लाज वाटायला हवी होती ना? एवढं सगळं गेल्यावरही त्या घाणेरड्या नाल्यासाठी तिला असं हसू येत होतं, आणि मला माझ्या उभ्या आयुष्यात कशासाठीच तसं हसू आलं नव्हतं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी फलाटावर उभी होते आणि मला तिचा हेवा वाटत होता.